दशमांश किती काढायचा, कुठे द्यायचा आणि हिशेब कसा मागायचा

उपदेशाआधीचे गीत सुरू होते, अर्पणाच्या थैल्या निघतात आणि तेव्हा कुठे अर्ध्या मंडळीचे हात खिशाकडे जातात. पाचशेची नोट हाताला लागली तर ती परत आत जाते, वीसची शोधली जाते. यात कंजूषपणा थोडा आणि आधी काहीच न ठरवणे जास्त. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलेली रीत अगदी साधी आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने रक्कम बाजूला काढून ठेवावी (१ करिंथ १६:२). म्हणजे आकडा घरी ठरतो. चर्चमध्ये तो फक्त पोचवायचा असतो.

या लेखात देणाऱ्याचे काम आहे तसे घेणाऱ्याचेही आहे. कारभारीपणावर उपदेश होतो तो बहुतेक देणाऱ्यांना उद्देशून. पण पैसा थैलीत पडल्यापासून मंडळीही कारभारीच असते. अनेक वर्षे खजिनदाराच्या टेबलाशी बसल्यावर माझे मत पक्के झाले आहे की जिथे हिशेब उघडा असतो तिथे अर्पणासाठी वेगळे आवाहन करावे लागत नाही.

आधी घरचा आकडा

दहाव्या भागाचा नियम आला तो मोशेच्या नियमशास्त्रातून. जमिनीच्या उत्पन्नाचा दशमांश परमेश्वराचा (लेवीय २७:३०), तो मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांच्या उदरनिर्वाहासाठी, आणि लेव्यांनी मिळालेल्यातून पुन्हा दशमांश काढायचा (गणना १८:२६). म्हणजे पाळकही यातून सुटत नाहीत! दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि तो लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा (अनुवाद १४:२८-२९). नव्या करारात मंडळीला टक्केवारी घालून दिलेली नाही. ज्याने त्याने मनात ठरवावे, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे आहे (२ करिंथ ९:७). कॅथलिक चर्चही आपल्या गरजांना हातभार लावणे हे कर्तव्य मानते, पण आकडा सांगत नाही. माझा सल्ला असा की दहा टक्के हे माप हाताशी ठेवावे. त्याच्या खाली असाल तर कळते, वर जाता येते तेव्हाही कळते.

नोकरदाराचे गणित सोपे. हातात ३८,००० रुपये पडत असतील तर दशमांश ३,८००. मूळ पगारावर काढायचा की हातात येणाऱ्यावर, यावर तरुण संघात तासभर वाद घालता येतो. हातात येणाऱ्यावर काढायचा असेल तर निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीची रक्कम मिळेल तेव्हा त्यावरही काढा, एवढा सरळपणा पुरे. एकदम ३,८०० झेपत नसतील तर तीन टक्क्यांपासून सुरुवात करा, म्हणजे १,१४०. पुढे दर पगारवाढीला एकेक टक्का वाढवा. दोन महिने दहा टक्के देऊन तिसऱ्या महिन्यापासून काहीच न देण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

शेतकऱ्याचे तसे नाही. बाजार समितीतून मिळालेल्या पट्टीवरचा आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे. समजा ९० क्विंटल कांदा १,५०० च्या भावाने गेला. पट्टी झाली १,३५,००० ची. हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन हातात १,३२,००० आले. रोपे, लागवडीची मजुरी, खत-औषध, काढणी आणि टेम्पोभाडे मिळून ८२,००० गेले होते. उरले ५०,०००, दशमांश ५,०००. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरायची की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा. भाव पडून खर्चही निघाला नाही तर त्या हंगामाचा दशमांश शून्य. त्याबद्दल कुणाकडे खाली मान घालायची गरज नाही, आणि व्यासपीठावरून त्यावर टोमणा मारायचा अधिकारही कुणाला नाही.

हजेरीवर काम करणाऱ्याने महिन्याची वाट पाहू नये. शनिवारी पगार हातात आला की लगेच पाकीट बाजूला काढावे. रोकड फारच थोडी फिरते अशा घरांसाठी मिझोरामची ‘बुहफाई थाम’ पाहण्यासारखी आहे. १९१० पासून तिथल्या प्रेस्बिटेरियन बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळा काढून ठेवत आल्या आहेत. तो गोळा होतो, विकला जातो आणि त्या पैशांवर सुवार्तेचे मोठे काम उभे राहिले आहे. ज्वारी-बाजरीच्या गावातही हे होऊ शकते. फक्त गोळा करणारी बाई नेमून दिलेली हवी आणि धान्याचे वजन वहीत चढायला हवे.

कुठे हात आखडायचा

कर्ज काढून अर्पण देऊ नका. बचतगटाचा हप्ता, मुलांची फी, आईच्या गोळ्या यांना कात्री लावून दिलेला दशमांश येशूच्या तोंडच्या एका कडक बोलण्याखाली येतो. ‘हे कुर्बान आहे’ म्हणजे देवाला दिले आहे, असे सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना त्याने सरळ फैलावर घेतले आहे (मार्क ७:९-१३). खासगी सावकाराचे कर्ज असेल तर आधी ते फेडा. तोवर लहान पण ठरावीक रक्कम देत राहा, म्हणजे सवय मोडत नाही.

कन्व्हेन्शनमध्ये किंवा उपवास-प्रार्थनेत भरल्या गळ्याने हात वर करून मोठा आकडा बोलू नका. घरी या, नवऱ्याशी किंवा बायकोशी बोला, रात्र जाऊ द्या, मग सांगा. आणि ‘हजार रुपयांचे बीज पेरा, शंभरपट कापा’ म्हणत पडद्यावर स्कॅनचा चौकोन दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले ‘भांडार’ या लोकांचे आवडते. पण ते भांडार मंदिराचे धान्यकोठार होते. ते रिकामे पडले तेव्हा काय झाले ते यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याने लिहून ठेवले आहे: वाटा मिळेना म्हणून लेवी आणि गाणारे आपापल्या शेताकडे निघून गेले. नहेम्याने काय केले? लोकांकडून दशमांश आणवला आणि कोठारावर विश्वासू म्हणून नाव असलेली माणसे नेमली: एक याजक, एक लेखक, एक लेवी आणि हाताखाली आणखी एक (नहेम्या १३:१०-१३). टीव्हीवरच्या उपदेशात हा दुसरा भाग येत नाही.

वाटणी

ज्या मंडळीत तुमचा बाप्तिस्मा, लग्न आणि शेवटी दफन होणार तिला पहिला वाटा. पाळकसाहेबांचा पगार, वीजबिल, चर्चच्या शिपायाचे मानधन, पत्र्याची डागडुजी हे सगळे त्यातून चालते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांमध्ये धर्मप्रांताकडे जाणारा हिस्साही साधारणपणे त्यातूनच निघतो. ३,८०० मधले २,५०० मंडळीला, ७०० ओळखीतल्या अडल्यानडल्यासाठी, ६०० एखाद्या बालगृहाला किंवा मिशन दवाखान्याला, अशी विभागणी करता येईल. सगळी रक्कम मंडळीलाच द्यावी असे मानणारे पाळक आहेत. तिसऱ्या वर्षीच्या दशमांशाचा दाखला त्यांच्यापुढे जरूर ठेवावा.

आपल्याकडे जुन्या मिशन मंडळ्यांमध्ये एक वारसा अजून चिकटून आहे: ‘चर्चला काय कमी आहे, मिशनचे पैसे आहेत.’ अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू केले, आणि पुढची कितीतरी वर्षे पाळक-शिक्षकांचे पगार समुद्रापलीकडून येत राहिले. त्या मिशनमागच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे पाहणीला आले. देशी मंडळीने आपल्या पाळकाचा खर्च आपण उचलावा, हा त्यांचा आग्रह होता. परदेशी पैसा आटून जमाना झाला. कंपाउंडमधले जुने बंगले दिसतात म्हणून मंडळी श्रीमंत आहे असा समज मात्र तसाच आहे.

रविवारचे पाकीट आणि मोबाइल

पाकिटावर नाव किंवा सभासद क्रमांक, महिना, कारण (दशमांश, उपकारस्तुती, इमारत, गरीब निधी) आणि रक्कम लिहा. वाढदिवस, पहिला पगार, बाळाची पहिली भेट यांचे उपकारस्तुतीचे अर्पण दशमांशात मिसळू नका. मुलांना थैली समोर आल्यावर नाणे देण्याऐवजी त्यांच्या खाऊच्या पैशांतून त्यांनाच काढू द्या. पाचवीतल्या मुलाला पन्नासाचे पाच सहज कळतात.

मोबाइलवरून देताना पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारे नाव वाचा. तिथे मंडळीचे किंवा ट्रस्टचे नाव हवे. पाळकसाहेबांचे, सेक्रेटरीचे किंवा त्यांच्या मुलाचे नाव दिसले तर पैसे पाठवू नका. ‘खाते उघडायला वेळ लागतोय’ हे कारण महिनाभर चालेल, वर्षभर नाही. टिपणाच्या रकान्यात ‘दशमांश जुलै’ असे लिहिले तर खजिनदार तुम्हाला दुवा देईल, कारण बँकेच्या उताऱ्यावर नुसत्या रकमा पाहून कोण कशासाठी दिले ते ओळखणे ही मोठी डोकेदुखी असते.

थैली रिकामी झाल्यावर

मोजणीवर सगळ्यात जास्त लिहायला हवे, कारण घोळ झाला तर इथेच होतो.

शास्त्रातला एक जुना धडा यहूदाच्या योवाश राजाच्या काळातला आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी याजक पैसे घेत होते, आणि राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी डागडुजी झालेली नव्हती. मग यहोयादा याजकाने एक पेटी आणून झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत बराच पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येऊन तो मोजत आणि थैल्यांत बांधत (२ राजे १२:६-१०). एक माणूस मंदिराचा, एक दरबारचा. एज्राने यरुशलेमेकडे निघताना चांदी-सोने तोलून बारा याजकांच्या हवाली केले आणि तिथे पोचल्यावर पुन्हा तोलून सगळे वजन लिहून ठेवले (एज्रा ८:२४-३४). त्या याजकांना यात अपमान वाटल्याची नोंद कुठे नाही.

तेच नियम आजही लागू पडतात. उपासना संपल्याबरोबर, चर्चच्याच खोलीत, दार उघडे ठेवून मोजा. किमान तिघे असावेत, त्यांतले दोघे एका घरचे नसावेत, आणि दर महिन्याला माणसे बदलावीत. पाळकसाहेबांना मोजणीला बसवू नका. उद्या कुणी बोट दाखवले तर त्यांच्या बाजूने बोलायला तिघे साक्षीदार असतील. सुटी रक्कम आणि पाकिटे आधी वेगळी करा. पाकीट फोडले की आतली रक्कम वर लिहिलेल्या आकड्याशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर पाकिटावरच तशी नोंद करून दोघांनी सही करा.

मग नोटांचा तक्ता. एका रविवारचा असा असू शकतो: ५०० च्या ७, म्हणजे ३,५००, २०० च्या ६, म्हणजे १,२००, १०० च्या २३, म्हणजे २,३००, ५० च्या १८, म्हणजे ९००, २० च्या ३१, म्हणजे ६२०, १० च्या ६४, म्हणजे ६४०, नाणी १८७. एकूण ९,३४७. खाली तिघांच्या सह्या, तारीख, आणि एकूण रक्कम अक्षरी. तक्त्याची एक प्रत खजिनदाराकडे, एक सेक्रेटरीकडे. त्या आठवड्याचा आकडा दुसऱ्या रविवारी सूचनाफलकावर लावा.

सोमवारी पूर्ण ९,३४७ बँकेत भरायचे. ‘पाहुण्या वक्त्याला पाचशे दिले, चहाचे दोनशे गेले, उरलेले भरले’ ही पद्धत ताबडतोब बंद करा. खर्च करायचा तो बँकेतून किंवा किरकोळ खर्चासाठी वेगळ्या काढलेल्या ठरावीक रकमेतून, पावती घेऊन. आलेला सगळा पैसा आधी खात्यात दिसला पाहिजे. हा एकच नियम पाळला तरी निम्मी भांडणे मिटतात. धनादेशावर दोन सह्या, आणि कोऱ्या धनादेशांवर आधीच सही करून ठेवायची नाही, खजिनदार कितीही घाईत असला तरी.

निधी वेगळे, वही वेगळी

कशासाठी दिले ते लिहिलेला पैसा त्याच कामाला जातो. कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत तर हे कलम १२६७ मध्ये स्पष्टच आहे: विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे. इमारत निधीतून नाताळचा मांडव घालायचा नाही. खाते एकच असले तरी वहीत प्रत्येक निधीला स्वतंत्र पान ठेवा आणि महिनाअखेरीस सगळ्या पानांची बेरीज बँकेच्या शिलकेशी ताडून पाहा.

हंगामाच्या सणाचा लिलाव हे वेगळेच प्रकरण. भोपळा, कोंबडी, गव्हाची पोती, कुणीतरी प्रेमाने केलेल्या करंज्या. जोशात पन्नासाचा भोपळा आठशेला जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण घेणारा बऱ्याचदा म्हणतो, ‘लिहून ठेवा, पगार झाला की देतो.’ त्यासाठी लिलावाच्या टेबलाशी एक जण फक्त लिहायला बसवा: वस्तू, बोली, नाव, रोख की बाकी. बाकीची यादी दिवाळीपर्यंत मिटवा. नाताळनंतर ती वसूल होत नाही, असा माझा अनुभव.

वार्षिक सभेत काय विचारायचे

महाराष्ट्रातले चर्च ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. हिशेब ठेवणे, लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात अहवाल देणे आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल कळवणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, पण बऱ्याच जुन्या मिळकती वेगवेगळ्या मिशन ट्रस्टांच्या नावांवर राहिल्या. त्यामुळे तुमची मंडळी नेमक्या कोणत्या ट्रस्टखाली आहे आणि चर्चची जागा कुणाच्या नावावर आहे, हे पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीच्या) उताऱ्यावरून एकदा पाहून घ्या.

सभेत पाच-सहा प्रश्न पुरतात. मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल कुठे आहे? प्रत्येक निधीत किती शिल्लक? ३१ मार्चची बँकेची शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळते का? पाळकांचा पगार आणि निर्वाह निधी वेळेवर गेला का? कुणाला उसने दिले आहे का? गरीब निधीतून किती घरांना मदत झाली? नावे विचारू नका, आकडा विचारा. ‘पाळकांवर विश्वास नाही का’ असे कुणी म्हणाले तर २ करिंथ ८:२०-२१ वाचून दाखवा. मोठ्या देणगीचा कारभार करताना आपल्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला होता.

पावती, कर आणि बाहेरदेशचा पैसा

आयकरातली ८०जीची सवलत मिळेल या आशेवर दशमांश देऊ नका. निव्वळ धार्मिक कामाच्या किंवा एकाच समाजासाठीच्या ट्रस्टला ती सहसा मिळत नाही. मिशन दवाखाना किंवा बालगृह चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळू शकते, पण रोख २,००० च्या वर दिले तर नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर मुळातच नाही. पावती मात्र प्रत्येक पाकिटाची घ्या. थैलीतल्या निनावी अर्पणाची काळजी नसावी; फक्त धार्मिक हेतूच्या ट्रस्टला त्यावरचा वेगळा कर लागत नाही. त्याच ट्रस्टची शाळा असेल आणि पेटीवर ‘शाळेसाठी’ असे लिहिले असेल तर निनावी रक्कम कराच्या कक्षेत येऊ शकते. सनदी लेखापालाला विचारून घ्या.

मुलगा दुबईत आहे, पासपोर्ट भारतीय आहे, आणि तो आपल्या पगारातून बँकेमार्फत पाठवतो, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. सुट्टीत आलेल्या तिने रुपयांत दिले तरीही. त्यासाठी ट्रस्टची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि ती रक्कम २०२० च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. नोंदणी नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. आईच्या खात्यावर मागवून चर्चला वळवण्याची युक्ती सुचवणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका.

मृत्युपत्रातून द्यायचे असेल तर

भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मृत्युपत्राने देणे अवघड होते. मृत्यूच्या किमान वर्षभर आधी ते केलेले असावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. जुने वकील अजूनही त्याची भीती घालतात, म्हणून हे माहीत असलेले बरे. मृत्युपत्रात ‘आमच्या चर्चला’ एवढेच लिहू नका. ट्रस्टचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घाला, हेतू लिहा, दोन साक्षीदार घ्या. पाळक आणि कमिटीतले लोक साक्षीदार नसावेत, म्हणजे पुढे मुलांना शंकेला जागा उरत नाही. मुलांना हे तुमच्या हयातीतच सांगा. शेतजमीन द्यायची इच्छा असेल तर आधी तहसील कार्यालयात आणि वकिलाकडे चौकशी करा. ट्रस्ट हा शेतकरी नसल्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि परवानगीविना केलेले बक्षीसपत्र फेरफाराच्या वेळी अडकते.